लग्नाला न्या, पण डबा आणि इंजेक्शन घेऊन

चोपडा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. मोठं आहे, म्हणून मुद्द्याचं तेवढं देते.

"माझा मुलगा सात वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला आहे. संक्रांतीला शाळेत कुणीतरी आणलेला तिळगुळाचा लाडू खाल्ला, त्यात दाण्याचं कूट होतं. दहा-पंधरा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, दोन उलट्या झाल्या, खोकला थांबेना. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, तासाभरात उतरलं. नंतर तपासणी केली, त्यात शेंगदाण्याची ॲलर्जी निघाली. तीळ, खोबरं तो आधीपासून खातो, त्याचं काही होत नाही. डॉक्टरांनी सेटिरिझिनचं औषध दिलं आणि दाणे बंद करा म्हणाले. पण आमच्याकडे शेतातला भुईमूग, घाण्याचं तेल, प्रत्येक भाजीत कूट. सासूबाई म्हणतात, 'एक लाडूघाई काय व्हस?' (एका लाडूनं काय होतंय?) थोडं थोडं देत गेलं की सवय होईल असं त्यांचं म्हणणं. शाळेतले सर म्हणाले, जबाबदारी आमच्यावर नको, नाहीतर दाखला काढून न्या. वाढदिवसांना पाठवणं मी बंद केलंय, तो रडतो. पुढच्या महिन्यात नणंदेच्या मुलीचं लग्न आहे. त्याला नेऊ की घरी ठेवू? धाकटी मुलगी पाच महिन्यांची आहे, तिलाही असंच होईल का? की मीच अतिरेक करतेय?"

ताई, तुम्ही अजिबात अतिरेक करत नाही आहात. संक्रांतीला झालं ते साधं पित्त नव्हतं. नुसत्या गांधी उठल्या असत्या तर गोष्ट वेगळी. पण कातडीवर गांधी, पोटातून उलट्या आणि छातीतून खोकला असं सगळं एकाच वेळी, दाणे पोटात गेल्यावर काही मिनिटांत झालं. याला डॉक्टर ॲनाफिलॅक्सिस म्हणतात, आणि ते जिवावर बेतू शकतं. त्या दिवशी निभावलं म्हणून पुढच्या वेळीही तेवढ्यावरच थांबेल, असं कुणीच सांगू शकत नाही. पुढची वेळ याहून सौम्य असेल किंवा फार वाईटही असेल. त्याला दमा असेल, ऋतू बदलला की छाती वाजत असेल, तर धोका आणखी वाढतो. पत्रात त्याबद्दल काही नाही, पण डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

म्हणून पहिलं काम म्हणजे सवय लावण्याचा विचार आजच घरातून काढून टाकायचा. दाण्याची ॲलर्जी कमी करण्यासाठी अगदी सूक्ष्म मात्रेपासून वाढवत नेण्याचे उपचार जगात आहेत. पण ते तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मिलिग्रॅममध्ये मोजून होतात आणि तिथे प्रतिक्रिया आली तर हाताशी इंजेक्शन असतं. चमच्याच्या टोकावर कूट घेऊन स्वयंपाकघरात करायची ही गोष्ट नव्हे. सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना एवढंच विचारा, की विंचू लहान होता म्हणून कुणी नातवाला तो हातात धरू देईल का? शेतात आयुष्य गेलेल्या बाईला हे लगेच कळेल. तुमच्या शब्दावर विश्वास बसत नसेल, तर पुढच्या वेळी दवाखान्यात त्यांना सोबत न्या आणि डॉक्टरांनाच सांगू द्या. नातवावर त्यांचा जीव आहे, म्हणून तर त्या खा खा करतात. तोच जीव राखणीला लावायचा आहे.

आता औषधाचं. इथे मला काळजी वाटते, कारण तुमच्या पत्रात ॲड्रेनॅलिनचा उल्लेखच नाही. सेटिरिझिननं खाज आणि गांधी कमी होतात. श्वास कोंडत असेल किंवा रक्तदाब पडत असेल, तर ते थांबवायची ताकद त्यात नाही. स्टेरॉईडचं इंजेक्शनही त्या पहिल्या मिनिटांत कामाला येत नाही. ॲनाफिलॅक्सिसवरचं पहिलं औषध ॲड्रेनॅलिन आहे, आणि ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत द्यायचं असतं. घाई असेल तर पँटीवरूनही देता येतं. लहान मुलांचा डोस वजनावर ठरतो, दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे २० किलोच्या पोराला ०.२ मिलिग्रॅम. नक्की आकडा तुमच्या डॉक्टरांनीच लिहून द्यायचा, आणि वजन वाढलं की तो पुन्हा तपासून घ्यायचा.

परदेशात यासाठी पेनासारखं तयार उपकरण मिळतं, मांडीला दाबलं की औषध आत जातं. आपल्याकडे ते मेडिकलमध्ये सहज मिळत नाही आणि मिळालंच तर फार महाग पडतं. म्हणून बालरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारा: 'आम्हाला भरलेली सिरिंज देता येईल का, ती कशी द्यायची ते शिकवाल का?' ॲम्पूल फोडून, औषध ओढून, हवा काढून डोस मोजणं घाबरलेल्या माणसाला जमत नाही. काही डॉक्टर सिरिंज भरून, वर डोस आणि तारीख लिहून देतात आणि किती दिवसांनी बदलायची तेही सांगतात. एक नाही, दोन मागा, कारण पाच ते पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस लागू शकतो. साध्या सलाइनची सिरिंज घेऊन संत्र्यावर टोचायचा सराव तुम्ही, तुमचे मिस्टर आणि सासूबाई, तिघांनी करा.

हे औषध ऊन आणि उजेड दोन्हींनी खराब होतं. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ च्या घरात असतो. तेव्हा ते मोटारसायकलच्या डिकीत, गाडीच्या काचेमागे किंवा पत्र्याच्या खोलीत खिडकीशी कधीही ठेवू नका. अपारदर्शक डबीत, घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात, आणि बाहेर पडताना तुमच्या खांद्यावरच्या पिशवीत. फ्रिजमध्ये ठेवायचं की नाही, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

जळगाव किंवा धुळ्याला जाईपर्यंत काय, असं मनात येईल. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन एकदा बोलून या. लसीकरणाच्या सत्राला नर्सताईंसोबत जी ॲनाफिलॅक्सिसची किट असते, तिच्यात हेच ॲड्रेनॅलिन असतं. लस दिल्यावर एखाद्या बाळाला अशी प्रतिक्रिया आली तर काय करायचं, याचं प्रशिक्षण त्यांना मिळालेलं असतं. तुमच्या मुलाचं नाव, ॲलर्जी, वजन आणि डोस त्यांना आधीच माहीत असेल तर ऐन वेळी समजावत बसावं लागणार नाही. रात्री केंद्रात कोण असतं, तेही विचारून ठेवा. १०८ ची गाडी किती वेळात येते, याचा अंदाज गावात कुणालातरी असतोच.

इंजेक्शन दिल्यावर त्याला आडवं झोपवा, पाय उशीवर घ्या. श्वास लागत असेल तर टेकून बसू द्या. उठवून चालवत नेऊ नका, एकदम उभं केल्यानं रक्तदाब कोसळू शकतो. आणि बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण काही तासांनी सगळं पुन्हा उसळू शकतं. संक्रांतीला गावातच उतरलं आणि तुम्ही घरी आलात. पुढच्या वेळी तसं करू नका.

घरातल्या भुईमुगाबद्दल माझं मत जरा कडक आहे. रोजच्या भाज्यांतलं कूट तुम्ही बंदच करा. त्याची भाजी वेगळी, बाकीच्यांची वेगळी असा संसार चार दिवस चालतो, पाचव्या दिवशी तोच चमचा दोन्हीकडे फिरतो. ज्यांना दाण्याची चटणी हवीच, त्यांची बरणी झाकणबंद, वेगळ्या फळीवर, तिचा चमचा तिच्यातच. मिक्सरचं एक भांडं फक्त त्याच्या जेवणासाठी ठेवा, कारण कूट पात्याखाली अडकून राहतं. भाजी दाटसर करायला खोबरं चालेल, तीळ चालतील, फुटाण्याची डाळ तो आधीपासून खात असेल तर तीही. तेलाचं जरा समजून घ्या. कारखान्यात पूर्ण रिफाइन केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिनं जवळपास उरत नाहीत, म्हणून बहुतेकांना ते बाधत नाही. घाण्याच्या तेलात मात्र दाण्याचा अंश राहतो आणि ॲलर्जी त्या प्रथिनांचीच असते. घरचं तेल कितीही शुद्ध असलं तरी या पोरासाठी ते नको. सूर्यफुलाचं किंवा सोयाबीनचं रिफाइन तेल आणा, पण सोयाबीन त्याला चालतं ना हे डॉक्टरांशी बोलून घ्या.

एक भीती मात्र काढून टाका. भुईमूग शेंगवर्गातला आहे म्हणून तूर, मूग, मटकी सगळंच बंद करायची गरज नाही. जे तो आजवर खातो आणि पचवतो, ते खाऊ द्या. नुसत्या वासानं किंवा शेजारच्या पोरानं दाणे खाल्ल्यानं सहसा ॲनाफिलॅक्सिस होत नाही. धोका पोटात जाण्याचा आहे. म्हणून शेंगा फोडायला बसलेल्या बायकांपासून त्याला कोसभर पळवत नेऊ नका. त्या हातांनी त्याला भरवू नये, एवढंच पाहायचं. आणि हात साबण-पाण्यानं धुवायचे. सॅनिटायझर चोळल्यानं दाण्याचा अंश निघत नाही.

आता शाळा. दाखला काढू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही, हे सरांनाही ठाऊक असेल. पण कायद्याचं नाव घेऊन सुरुवात करू नका. सर घाबरलेत. त्यांच्या डोळ्यांसमोर पोरगं सुजलं आणि काय करावं ते त्यांना कळलं नाही. घाबरलेल्या माणसाला 'लक्ष ठेवा' म्हणून काही होत नाही, त्याला नेमकं काम द्यावं लागतं. डॉक्टरांचा कागद जोडून असं एक पत्र द्या:

"माननीय मुख्याध्यापक सर, माझ्या मुलाला शेंगदाण्याची गंभीर ॲलर्जी आहे. आपण फक्त तीन गोष्टी कराव्यात ही विनंती. एक, मी दिलेल्या डब्याशिवाय किंवा मला फोन करून विचारल्याशिवाय त्याला काहीही खायला देऊ नये. दोन, ओठ सुजणं, गांधी, उलटी, खोकला, आवाज बसणं, चक्कर, यांपैकी काही दिसलं तर थांबून न पाहता सोबतच्या कागदाप्रमाणे करावं. तीन, लगेच १०८ ला आणि मला फोन करावा. इंजेक्शन कसं द्यायचं ते डॉक्टर किंवा नर्सताई येऊन दाखवतील. माझी संमती लेखी जोडली आहे."

सिरिंज हाताळायला सर तयार झाले नाहीत, तर त्यांच्यावर जोर करू नका. शाळेच्या भिंतीला लागून कुणाचं घर आहे, दिवसभर घरी कोण असतं, पाच मिनिटांत कोण पोचेल, ते पाहा. आशाताई जवळ राहत असतील तर त्यांना विचारा. कुणीतरी दोन मोठी माणसं हवीत. एक रजेवर किंवा बाहेरगावी असली की दुसरं. वर्गशिक्षक बदलले, नवीन वर्ष सुरू झालं, की पत्र पुन्हा द्यायचं.

पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना विसरू नका. कागद ऑफिसात फाइलला लागतो, पण पळी मावशींच्या हातात असते. त्यांच्याकडे स्वतः जा, पोराला सोबत न्या, तोंडी सांगा. खिचडीत, उसळीत कोणतं तेल पडतं, कूट पडतं का, ते विचारा. पूरक आहारात चिक्की, राजगिऱ्याचा लाडू येतो, त्या दिवशी त्याला काय द्यायचं ते आधीच ठरवा. केळं चालतं. मला विचाराल तर पहिलं वर्ष तो घरचाच डबा खाऊ दे, पण पंगतीत, सगळ्यांबरोबर बसून. वेगळ्या खोलीत नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, तेव्हा त्यांच्याकडेही नोंद करून घ्या.

वर्गातल्या वाढदिवसाला चॉकलेटं वाटली जातात. सरांच्या कपाटात तुमच्याकडची एक बरणी ठेवा, त्याला चालणाऱ्या गोळ्यांची. इतरांनी वाटलं की यानं त्यातून घ्यायचं. पाकिटावरची ॲलर्जीची ओळ वाचायची सवय तुम्हालाही लावा आणि त्यालाही. २०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणे पाकीटबंद पदार्थात शेंगदाणा असेल तर तसं छापणं बंधनकारक आहे. ते बहुतेक इंग्रजीतच असतं, म्हणून पीनट आणि ग्राउंडनट हे दोन शब्द त्या लिपीत ओळखायला त्याला आत्ताच शिकवा. फरसाणाच्या दुकानातला सुटा चिवडा, सुटी शेव, सुटी मिठाई यांना लेबल नसतं. ते त्याच्यासाठी नाहीच.

वाढदिवसाला पाठवणं बंद केलंत, ते पुन्हा सुरू करा. यजमान आईला आदल्या दिवशी फोन करा. 'काही वेगळं करू नका, त्याचा डबा आणि केकचा तुकडा मी देते, फक्त कुणी आग्रह करू नका' असं सांगितलं की समोरचीही मोकळी होते. सात वर्षांच्या पोरासोबत तुम्ही स्वतः तिथे थांबलात तर कुणी नाव ठेवणार नाही.

लग्नाला त्याला नक्की न्या. आतेबहिणीच्या हळदीत नाचायचं सोडून पोरगं घरी बसलं तर ॲलर्जीपेक्षा ते जास्त लक्षात राहील. पण आपल्या लग्नात काय काय असतं ते एकदा डोळ्यांसमोर आणा. वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, कुठे भरीत-पुरी. भरिताची वांगी बामणोदची असोत की घरची, बडगीत ठेचून वर दाणे पडणारच, आणि भरिताला दाणे नसतील तर आचाऱ्याला चैन पडत नाही. आमटीच्या वाटणात, ठेच्यात, शेवभाजीच्या रश्श्यात दाणे दिसत नाहीत, पण असू शकतात. तळणाचं तेल तर एकच. आधी दाणे तळले, मग त्याच कढईत पुरी. म्हणून आचारी 'यात नाही हो ताई' म्हणाला तरी त्यावर विसंबू नका. तो खोटं बोलत नसतो, त्याच्या कढईतलं सगळं त्याच्या लक्षात नसतं. पोराचं जेवण घरून न्यायचं, त्यात एक गोड पदार्थही ठेवायचा. नणंदबाईंना आठवडाभर आधी सांगा, म्हणजे ऐन लग्नात 'आमचं जेवण चाललं नाही' असं मनाला लागणार नाही.

खरी अडचण आग्रहाची. मामा, आजोबा, काकू, कुणीतरी प्रेमानं तोंडात घास घालणारच. त्यासाठी पोराला एक वाक्य पाठ करवा: 'मायले विचारी लेस, मंग खास.' (आईला विचारून घेतो, मग खातो.) घरात सासूबाईंसमोर त्याच्याकडून दहा वेळा म्हणवून घ्या. मोठ्यांना नाही म्हणणं उद्धटपणा नाही, हे त्यानं त्यांच्याच तोंडून ऐकलं पाहिजे. प्रसादाचंही तसंच. अखाजी असो, कानबाईचे रोट असोत, गणपतीची खिरापत असो, प्रसाद दोन्ही हातांनी घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि आईच्या हातात द्यायचा. देवाचा मान राहतो आणि कुणी दुखावत नाही. एकादशी, महाशिवरात्रीचे दिवस मात्र डोळ्यांत तेल घालून काढा. खिचडी, भगरीसोबतची दाण्याची आमटी, लाडू, घराघरात तेच असतं, आणि उपासाचं म्हणून मुलांच्या हातावर सहज ठेवलं जातं.

मंडपात एक माणूस नेमून ठेवा, तुमच्याव्यतिरिक्त. तुम्ही नणंदेच्या घरच्या कामात असाल, ओट्या भरत असाल, तेव्हा पोरगं कुणाच्या नजरेत आहे आणि इंजेक्शनची पिशवी कुठे टांगली आहे, हे त्या माणसाला माहीत हवं.

पुढे काय, हेही तुमच्या मनात असेल. दाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांपैकी साधारण पाचातल्या एकाची ती मोठेपणी जाते. गेली की नाही ते घरी खाऊ घालून पाहायचं नाही. वर्षा-दोन वर्षांनी तपासणी, आणि डॉक्टरांना योग्य वाटलं तर दवाखान्यात, त्यांच्यासमोर मोजून खाऊ घालून.

राहिली धाकटी. भावाला आहे म्हणून तिला होईलच असं नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लीप नावाच्या अभ्यासात असं दिसलं, की धोका जास्त असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच, चार ते अकरा महिन्यांच्या दरम्यान, दाणे नियमित द्यायला सुरुवात केली तर पुढे ॲलर्जीचं प्रमाण खूपच कमी राहतं. म्हणजे घाबरून तिला वर्षानुवर्षं दाण्यापासून लांब ठेवणं हा उपाय नाही. पण तुमच्या घरात मोठ्याचा प्रश्न आहे, म्हणून केव्हा, किती, कुणासमोर सुरू करायचं, ते बालरोगतज्ज्ञांना विचारूनच करा. तिच्या गालांवर, कोपरांच्या वळीत कोरडे, खाजरे चट्टे असतील तर तेही दाखवा. दाणे द्यायचे ठरले तर नेहमी पातळ पेस्ट करून. अख्खा दाणा पाच वर्षांखालच्या मुलाला कधीच नाही, श्वासनलिकेत अडकतो. मोठ्याच्या सिरिंजसाठी जळगावला जाल, त्याच फेरीत तिलाही सोबत न्या.